अपंगत्व निवृत्तिवेतन आणि वैद्यकीय मंडळ : बेळगाव सीमाभागातील माजी सैनिकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

लष्करातून निवृत्त होणाऱ्या जवानाचा अपंगत्व निवृत्तिवेतनाचा दावा मंजूर होणार की फेटाळला जाणार, हे बहुतेक वेळा वैद्यकीय मंडळाच्या अहवालातील एका रकान्यात ठरते. अपंगत्व किती टक्के निघाले याकडे सगळ्यांचे लक्ष असते. मात्र त्याच अहवालात हा आजार लष्करी सेवेमुळे झाला आहे का, किंवा सेवेमुळे वाढला आहे का, असाही प्रश्न असतो, आणि त्यापुढे ‘नाही’ असे लिहिले गेले की चाळीस टक्के अपंगत्व असूनही हाती काही पडत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या तालुक्यांत आणि हद्दीपलीकडच्या चंदगड-गडहिंग्लज भागात घराघरांत माजी सैनिक आहेत. अहवालाचा हा भाग अनेकांच्या पाहण्यात येतो तो दावा फेटाळल्याचे पत्र घरी आल्यावर. हा लेख प्रामुख्याने त्या रकान्याविषयी आहे. बाकीच्या पायऱ्या त्याच्या अनुषंगाने येतील.

प्रथम नियमांची चौकट पाहू. सैन्यदलाच्या निवृत्तिवेतन नियमांनुसार या लाभासाठी दोन अटी पूर्ण व्हाव्या लागतात : अपंगत्व सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेमुळे वाढलेले असावे, आणि ते वीस टक्के किंवा त्याहून अधिक असावे. हा संबंध कसा ठरवायचा, हे १९८२ च्या आणि नंतर २००८ च्या पात्रता नियमांत सांगितलेले होते. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे पात्रता नियम लागू झाले आहेत. सेवेतून वैद्यकीय कारणास्तव बाहेर काढलेल्या जवानाचा लाभ आणि आजार असूनही सेवेत ठेवलेल्या जवानाचा लाभ यांत नवे नियम फरक करतात. त्यामुळे आपली निवृत्ती त्या तारखेच्या आधीची की नंतरची, हे दाव्याच्या पहिल्याच ओळीत स्पष्ट असावे. शेजारच्या गावातील एखाद्याला २०१५ साली जे मिळाले ते त्याच सूत्राने आपल्यालाही मिळेल, असे गृहीत धरू नये.

मंडळापुढे जाण्याआधीची कागदपत्रे

मंडळ कोणत्या प्रकारचे आहे हे ठाऊक असले पाहिजे. मुदत संपून निवृत्त होताना लो मेडिकल कॅटेगरीत (तंदुरुस्तीच्या खालच्या वैद्यकीय श्रेणीत) असलेल्या जवानाचे रिलीज मेडिकल बोर्ड होते. आजारामुळे मुदतीआधीच सेवेतून कमी करायचे असल्यास इनव्हॅलिडिंग बोर्ड होते. दोन्हींचे कामकाज ए.एफ.एम.एस.एफ. १६ या नमुन्यावर चालते. सेवाकाळात कॅटेगरी ठरवण्यासाठी किंवा बदलण्यासाठी झालेली मंडळे वेगळी असतात, पण त्यांचे अहवाल या अखेरच्या मंडळापुढे पुरावा म्हणून येतात आणि तेच सर्वांत मोलाचे ठरतात. आजार प्रथम कधी व कोठे आढळला, तेव्हा कॅटेगरी काय होती आणि ती पुढे कशी घसरली, याची साखळी त्यांतूनच उभी राहते.

म्हणून निवृत्तीच्या निदान वर्षभर आधी पुढील कागदांच्या प्रती जवळ ठेवाव्यात. भरतीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीचा अहवाल सर्वांत वर असावा, कारण त्यात संबंधित आजाराची नोंद नसणे हाच पुढे आपला पहिला युक्तिवाद असतो. त्याखाली प्रत्येक रुग्णालयातील डिस्चार्ज स्लिप, सर्व कॅटेगरी मंडळांचे अहवाल आणि तज्ज्ञांचे अभिप्राय असावेत. जखम असेल तर आय.ए.एफ.वाय. २००६ या नमुन्यातील इजा अहवाल आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा (लष्कराच्या अंतर्गत चौकशीचा) निष्कर्ष हवा. त्यांच्या जोडीला सर्व पोस्टिंगचा तक्ता हवा, ज्यात ठिकाण शांतता क्षेत्रातील होते, फील्डमधील (आघाडीजवळच्या क्षेत्रातील) होते, अतिउंचीवरील होते की दहशतवादविरोधी मोहिमेतील, हे तारखांसह दिसेल. रुग्णालये आपले आंतररुग्ण कागद कायम जपून ठेवत नाहीत. युनिटमध्ये असताना एम.आय. रूममधून (युनिटच्या दवाखान्यातून) जी प्रत सहज मिळते, तीच दहा वर्षांनी मिळवताना नाकी नऊ येतात.

रजेवर असताना झालेल्या अपघाताविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण सीमाभागात असे प्रसंग वारंवार घडतात. जवान रजेवर गावी येतो आणि उसाच्या ट्रॉलीवर मोटरसायकल आदळून पाय मोडतो. अशा वेळी केवळ रजेवर असणे म्हणजे सेवेवर असणे, असा युक्तिवाद पुरेसा ठरत नाही. अपघाताचा लष्करी सेवेशी कार्यकारण संबंध दाखवावा लागतो. मात्र युनिटमधून रजेच्या ठिकाणी जाताना किंवा तेथून युनिटकडे परतताना झालेला अपघात नियमांनुसार सेवेतील मानला जातो. तेव्हा रेल्वेचे किंवा बसचे तिकीट, वॉरंट (सरकारी खर्चाने प्रवासाचा परवाना) व रजा प्रमाणपत्र कधीही फेकू नये. दुसरी अडचण भाषेची आहे. बेळगाव जिल्ह्यातील पोलीस ठाण्यात नोंदलेला प्राथमिक माहिती अहवाल व पंचनामा कन्नडमध्ये असतो आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी मात्र दूरच्या युनिटमध्ये होते. या कागदांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून ते वेळेत युनिटला पाठवले नाही, तर चौकशीत ‘अपघाताचा तपशील उपलब्ध नाही’ असा शेरा पडू शकतो. नागरी रुग्णालयात दाखल केले असेल, तर बेळगावच्या स्टेशन हेडक्वार्टरला किंवा सैनिकी रुग्णालयाला लगेच कळवावे आणि कळवल्याची पोच घ्यावी. जखमेचा सेवेशी असलेला संबंध मुख्यत्वे लष्करी प्रशासकीय अधिकारी चौकशीच्या आधारे ठरवतात, तर आजाराच्या बाबतीत वैद्यकीय मंडळाचे मत निर्णायक असते. आपले प्रकरण जखमेचे असेल तर चौकशीचे कागद आधी गोळा करावेत, आजाराचे असेल तर उपचारांचे.

नावातील फरक हा दिसायला किरकोळ, पण प्रत्यक्षात फार खोळंबा करणारा विषय आहे. शाळेच्या दाखल्यावर कन्नडमधून इंग्रजीत आलेले नाव, आधारवरील नाव आणि डिस्चार्ज बुकातील नाव यांत एखाद्या अक्षराचा फरक असला, तरी पुढे ‘स्पर्श’ या निवृत्तिवेतनाच्या ऑनलाइन प्रणालीत माहिती जुळत नाही. सेवेत असतानाच पार्ट टू ऑर्डर (सेवा-नोंदीत बदल करणारा युनिटचा आदेश) काढून हा फरक मिटवावा.

वैयक्तिक निवेदन : येथे सर्वाधिक वेळ द्यावा

नमुना १६ मध्ये जवानाने स्वतः भरायचा भाग असतो. त्यात सेवेतील सर्व ठिकाणे व कालखंड लिहायचे असतात आणि प्रत्येक ठिकाण शांततेचे की फील्डचे, अतिउंचीचे की मोहिमेचे, हे नोंदवायचे असते. त्यानंतर आजार कधी सुरू झाला, कोठे उपचार घेतले, सेवेत येण्यापूर्वी असा किंवा यासारखा काही त्रास होता का, आणि सेवेतील कोणत्या घटनांमुळे हा त्रास उद्भवला किंवा वाढला असे आपल्याला वाटते, असे प्रश्न येतात. हा भाग पुष्कळदा युनिटमधील क्लार्क घाईघाईने भरतो आणि जवान खाली सही करून मोकळा होतो. तसे करू नये.

फरक कसा पडतो ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. कंबरेच्या मणक्याची गादी सरकलेला एक हवालदार निवेदनात एवढेच लिहितो : ‘सेवेत असताना पाठ दुखू लागली.’ या वाक्यावरून मंडळाला काहीही ठरवता येत नाही. त्याने असे लिहिले असते, तर चित्र वेगळे दिसले असते : ‘फील्ड क्षेत्रातील पोस्टवर असताना, रेशनचे ओझे घेऊन चढताना घसरून पडलो. दोन दिवस एम.आय. रूममध्ये उपचार घेतले. त्यानंतर डाव्या पायात मुंग्या येऊ लागल्या. पुढील पोस्टिंगमध्ये एम.आर.आय. झाला आणि कॅटेगरी खाली आली. भरतीच्या वेळी व त्यानंतरच्या वार्षिक तपासण्यांत पाठीचा कोणताही त्रास नोंदलेला नाही.’ यात विशेषण एकही नाही. घटना, ठिकाण, क्रम आणि कागदाशी पडताळता येईल असा तपशील आहे. प्रत्यक्ष निवेदनात अर्थातच तारखा आणि रुग्णालयांची नावे घालावीत. अधिकाऱ्यांविषयीची तक्रार, आर्थिक अडचण किंवा सेवेचा अभिमान या गोष्टी येथे लिहून उपयोग नाही. त्यांमुळे मुद्दा पातळ होतो.

सेवेपूर्वी त्रास होता का, या प्रश्नाचे उत्तर सत्यच द्यावे, पण अर्थ समजून द्यावे. लहानपणी एकदा कान फुटला होता, असे सहज बोललेले वाक्य तोफखान्यातील जवानाच्या बहिरेपणाच्या दाव्यात ‘सेवेपूर्वीचा आजार’ म्हणून नोंदले जाऊ शकते. तसा इतिहास खरोखर असेल, तर तो कधी झाला, बरा केव्हा झाला आणि भरतीच्या वेळी कान तपासून तंदुरुस्त ठरवले गेले होते का, हे पूर्ण लिहावे.

युनिटच्या कमांडिंग ऑफिसरचे निवेदनही महत्त्वाचे असते. हृदयविकारात आजार सुरू होण्याआधीच्या चौदा दिवसांत जवान कोणती कामे करत होता, याचा तपशील वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या मार्गदर्शिकेनुसार पाहिला जातो. त्या काळात रात्रीची गस्त, लांब पल्ल्याचा मार्च किंवा युद्धसराव झाला असेल, तर युनिटच्या नोंदींतून तो तपशील निवेदनात यावा, यासाठी लेखी विनंती करावी. तोंडी सांगितलेले कोणाच्या लक्षात राहत नाही.

भरलेला मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असेल, तर तो आपल्याला मराठीत नीट समजावून घ्यावा आणि मगच सही करावी. कोऱ्या किंवा अर्धवट नमुन्यावर सही करण्याचा आग्रह कोणी धरला, तरी नम्रपणे नकार द्यावा.

तपासणीच्या दिवशी

मंडळात साधारणपणे एक अध्यक्ष व दोन सदस्य असे तीन वैद्यकीय अधिकारी असतात. त्यांच्यापुढे जाण्याआधी संबंधित तज्ज्ञाची तपासणी होते आणि टक्केवारीचा पाया बहुतेक तेथेच घातला जातो. बेळगावच्या सैनिकी रुग्णालयात आवश्यक तज्ज्ञ उपलब्ध नसल्यास पुणे किंवा बेंगळुरू येथील कमांड हॉस्पिटलकडे पाठवले जाऊ शकते. अशा वेळी जुने एक्स-रे, एम.आर.आय. व श्रवणचाचणीचे आलेख सोबत असावेत; नुसता अहवाल नव्हे, मूळ फिल्मही.

तपासणीत काय पाहतात हे माहीत असले की अनावश्यक भीती राहत नाही. पाठीच्या दुखण्यात आडवे झोपवून पाय सरळ वर उचलला जातो आणि किती अंशांवर कळ येते हे नोंदले जाते. सांध्याची हालचाल कोनमापकाने मोजतात. कानासाठी बंद खोलीत शुद्ध ध्वनीची चाचणी होते आणि काही अंतरावरून साधे बोलणे व कुजबुज किती ऐकू येते, हेही पाहिले जाते. रक्तदाबासाठी केवळ त्या दिवसाचा आकडा पाहत नाहीत. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड व हृदय यांवर झालेला परिणाम तपासला जातो. तपासणीआधी औषधे बंद करून आकडा वाढवण्याचा सल्ला काही जण देतात. तो धोकादायक आहे आणि निरर्थकही, कारण वर्षानुवर्षांच्या नोंदींपुढे एका दिवसाच्या आकड्याला वजन नसते. दुखणे वाढवून सांगणाऱ्याचे बिंग तपासणीत फुटते. उलट आपल्या भागातील जवान बरेचदा डॉक्टरसाहेबांपुढे ‘ठीक आहे साहेब’ म्हणून गप्प बसतो, आणि अहवालात ‘कोणतीही तक्रार नाही’ अशी नोंद होते. किती वेळ उभे राहता येते, किती पायऱ्या चढता येतात, रात्री झोपमोड होते का, महिन्यातून किती वेळा अंथरुणाला खिळावे लागते, हे हिंदीतून सांगण्याची तयारी घरूनच करून जावे.

शस्त्रक्रियेस नकार दिला होता का, असाही प्रश्न अहवालात असतो. वाजवी कारणाशिवाय नकार दिल्याचे ठरल्यास टक्केवारी कमी केली जाऊ शकते. शस्त्रक्रियेतील जोखमीमुळे नकार दिला असेल, तर ती जोखीम डॉक्टरांनीच सांगितली होती, हे लेखी स्वरूपात असावे.

अहवाल कसा वाचावा

अहवालाची प्रत मागून घ्यावी. ती न मिळाल्यास आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडे लेखी अर्ज करावा, आणि तरीही न मिळाल्यास माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये शुल्कासह अर्ज करावा. मराठा लाईट इन्फंट्रीच्या जवानांचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे, ही आपली मोठी सोय. परंतु सीमाभागातील प्रत्येक माजी सैनिक मराठा पलटणीचा नसतो. तोफखान्याचे अभिलेख नाशिक रोडला, सिग्नल्सचे जबलपूरला, ई.एम.ई. (विद्युत व यांत्रिकी अभियंता दल) व ऑर्डनन्सचे सिकंदराबादला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, तर मद्रास सॅपर्सचे बेंगळुरूला असतात. बेळगावच्या कॅम्पात अर्ज दिला म्हणजे तो योग्य ठिकाणी पोहोचेलच, असे नाही.

अहवालात तीन गोष्टी शोधाव्यात. प्रत्येक आजारापुढे सेवेमुळे उद्भवला, सेवेमुळे वाढला, की सेवेशी संबंध नाही, यांपैकी काय लिहिले आहे, ही पहिली. त्याचे कारण कोणत्या शब्दांत दिले आहे, ही दुसरी. टक्केवारी आणि तिचा कालावधी, ही तिसरी. दोन आजार असतील तर त्यांच्या टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही; मंडळ एकत्रित टक्केवारी स्वतंत्रपणे ठरवते. शंभर टक्के अपंगत्व असल्यास सतत मदतनीसाची गरज आहे का, याची शिफारस मंडळानेच करावी लागते. तो रकाना रिकामा राहिला असेल, तर तेव्हाच विचारणा करावी.

कारणाच्या रकान्यात वारंवार दिसणारी वाक्ये ठरावीक आहेत : ‘आजार शांतता क्षेत्रात सुरू झाला’, ‘शारीरिक प्रकृतीशी निगडित आजार’, ‘जीवनशैलीजन्य विकार’, ‘सेवेतील ताणाशी संबंध नाही’. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंह प्रकरणात स्पष्ट केले की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा निरोगी होता असे मानावे, पुढे झालेला बिघाड सेवेमुळे झाला असे गृहीत धरावे, सिद्धतेचा भार जवानावर टाकू नये आणि वाजवी संशयाचा फायदा त्याला द्यावा. भरतीच्या तपासणीत हा आजार ओळखता येण्याजोगा नव्हता असे मंडळाचे मत असेल, तर त्याची कारणे मंडळाने द्यायला हवीत. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही मधुमेहाच्या प्रकरणात, केवळ शांतता क्षेत्रात आजार आढळला एवढे लिहिणे पुरेसे नाही, अशी भूमिका घेतली. तथापि हे गृहीतक आपोआप लागू होत नाही. २०१९ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मंडळाच्या वैद्यकीय मताला महत्त्व देऊन जवानाचा दावा नाकारला. म्हणून केवळ निकालाचे नाव लिहून भागत नाही. आपल्या मंडळाने कारण दिले आहे का आणि ते आपल्या कागदांशी जुळते का, हे दाखवावे लागते.

आकड्यांचा हिशेबही समजून घ्यावा. सहाव्या वेतन आयोगानंतरच्या सूत्रानुसार शंभर टक्के अपंगत्वासाठी अपंगत्वाचा घटक (निवृत्तिवेतनातील अपंगत्वाबद्दलचा भाग) अखेरच्या गणनीय, म्हणजे निवृत्तिवेतनासाठी हिशेबात धरल्या जाणाऱ्या, वेतनाच्या तीस टक्के असतो आणि कमी टक्केवारीला त्या प्रमाणात तो घटतो. समजा हे वेतन ४०,००० रुपये आहे. शंभर टक्क्यांना महिना १२,००० रुपये, तर तीस टक्के अपंगत्वाला ३,६०० रुपये होतात. मात्र ३१ जानेवारी २००१ च्या आदेशात टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेण्याची तरतूद आहे : पन्नासहून कमी असल्यास पन्नास, पन्नास ते पंच्याहत्तर असल्यास पंच्याहत्तर, त्यापुढे शंभर. त्यानुसार याच जवानाला ६,००० रुपये मिळतील. ही सवलत मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात ठरवले. जुन्या नियमांखालील अनेक निवृत्तांना तरीही ती आपोआप मिळत नाही, मागावी लागते.

दावा फेटाळला गेल्यास

फेटाळल्याचे पत्र हाती आल्याची तारीख पाकिटावर लिहून पाकीट जपून ठेवावे. पहिले अपील सहा महिन्यांच्या आत पहिल्या अपिलीय समितीकडे, रेकॉर्ड ऑफिसमार्फत करावे. तेही फेटाळले गेले तर पुढील सहा महिन्यांत दुसऱ्या अपिलीय समितीकडे जाता येते. अपिलात मंडळाचे कारणाचे वाक्य जसेच्या तसे उतरवावे आणि त्याखाली एकेक कागद लावून त्याचे खंडन करावे : भरतीच्या वेळचा अहवाल, आजार सुरू होण्यापूर्वीचा फील्डमधील काळ, त्यानंतर घसरत गेलेली कॅटेगरी. टक्केवारीबद्दल वाद असेल तर अपील वैद्यकीय मंडळाची मागणी करावी. नागरी रुग्णालयाचे किंवा दिव्यांग ओळखपत्राचे प्रमाणपत्र पूरक म्हणून जोडता येते, पण ते लष्करी मंडळाच्या मताची जागा घेत नाही. त्या दोन्ही मोजण्या वेगवेगळ्या कायद्यांखालील आहेत.

यानंतरचा मार्ग सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा. २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या न्यायाधिकरणात स्वतःही बाजू मांडता येते, वकील अनिवार्य नाही. अखेरच्या निर्णयापासून सहा महिन्यांत अर्ज करावा. अपिलावर सहा महिने उलटूनही निर्णय आला नाही, तर त्यापुढील सहा महिन्यांत न्यायाधिकरणाकडे जाता येते. निवृत्त व्यक्तीला आपण जेथे राहतो त्या क्षेत्रातील खंडपीठ निवडता येते, आणि येथे सीमेचा प्रश्न थेट उभा राहतो : कर्नाटक कोची खंडपीठाच्या क्षेत्रात येते, तर महाराष्ट्र व गोवा मुंबईच्या. चंदगड तालुक्यात घर आणि बेळगावात मुलांच्या शिक्षणासाठी भाड्याची खोली, अशी स्थिती असलेल्यांनी आपला नेहमीच्या वास्तव्याचा पत्ता कोणता, हे आधार व निवृत्तिवेतनाच्या कागदांवरून आधीच निश्चित करावे. अर्धे कागद एका राज्याचे आणि अर्धे दुसऱ्याचे असल्यास आक्षेप निघतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या बाबतीतही हीच विभागणी आहे : खानापूरच्या जवानाने बेळगावच्या, तर चंदगडच्या जवानाने कोल्हापूरच्या कार्यालयाकडे जावे.

बरीच वर्षे लोटली म्हणून दावा सोडून देण्याचे कारण नाही. निवृत्तिवेतनाचा अन्याय दरमहा चालू राहतो, असे न्यायालये मानतात. तथापि २००८ च्या तरसेम सिंह निकालानुसार थकबाकी सामान्यतः अर्ज करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच मर्यादित राहते. त्यामुळे लांबवलेला प्रत्येक महिना थकबाकीतून वजा होत जातो.

दावा मंजूर झाल्यावर रेकॉर्ड ऑफिसचे पत्र प्रयागराजच्या निवृत्तिवेतन लेखा कार्यालयाकडे जाते आणि सुधारित पी.पी.ओ. (निवृत्तिवेतन अदायगी आदेश) स्पर्शवर दिसू लागतो. तो उघडून अपंगत्वाची मूळ टक्केवारी, वाढवलेली टक्केवारी, लागू झाल्याची तारीख आणि जोडीदाराचे नाव या चार नोंदी ताडून पाहाव्यात. वाढवलेली टक्केवारी दिसत नसेल, तर मंजुरीपत्राची प्रत जोडून स्पर्शवरच तक्रार नोंदवावी व तिचा क्रमांक टाचणावर लिहून पी.पी.ओ.च्या प्रतीसोबत लावून ठेवावा.